आमच्या घरची दोन मतं

मार्चच्या शेवटी म्हातारा ऑगस्ट प्लेझन्स गेला आणि आमच्या टॅल्बर्ट काउंटीची वस्ती चारशेबारावरून चारशेअकरावर आली. मतदारयादीत त्याच्या नावावर पट्टी धरून लाल रेघ मारली ती मीच. ऑगस्ट अठ्ठावीस वर्षं काउंटीचा पंच होता. यंदा उभा राहणार नाही असं त्याने नाताळातच सांगून टाकलं होतं, त्यामुळे तो जायच्या आधीच त्याच्या जागेसाठी दोघांनी अर्ज भरले होते. एक एमिल हॅवोर्का, आमचा सगळ्यात जवळचा शेजारी, नऊ मैलांवरचा. दुसरा माझा नवरा, डेलमार क्रान्झ.

मी आर्डिथ, काउंटीची कारकून. जमिनीचे दस्त माझ्याकडे, लग्नाचे परवाने माझ्याकडे, कोर्टाचे कागद माझ्याकडे, कर ठरवणं माझ्याकडे आणि निवडणुकाही माझ्याकडेच. राजधानीतून एखादा पोरगेला साहेब फोन करतो आणि म्हणतो, निवडणूक अधिकाऱ्यांना द्या. मी म्हणते, थांबा हं. मग फोन टेबलावर ठेवते, कॉफीचा एक घोट घेते, पुन्हा उचलते आणि म्हणते, बोला. त्याला बिचाऱ्याला बरं वाटतं.

पंच तीन. त्यातला एक म्हणत होता की टॅल्बर्ट काउंटी मोडून शेजारच्या हॅडलॉक काउंटीत मिळवून टाकावी, त्याचा प्रश्न नोव्हेंबरात लोकांपुढे मतदानाला ठेवावा. दुसरा म्हणत होता, मी मेल्यावर ठेवा. तिसरी जागा ऑगस्टची. एमिल विलीनीकरणवाला आणि डेलमार विरोधातला, म्हणजे ही जागा ज्याची त्याच्या हातात काउंटी. आमच्याकडे सगळे एकाच पक्षाचे. दुसऱ्या पक्षाची चार माणसं आहेत, त्यांतली दोन नवरा-बायको असून आपसातही बोलत नाहीत. म्हणून नोव्हेंबरात नुसता उपचार असतो, खरी निवडणूक मे महिन्यातली, पक्षातल्या पक्षात होते ती, आणि यंदा जागा रिकामीच असल्याने जिंकेल तो लगेच बसणार होता.

एमिल काही वाईट माणूस नाही. तो सरळ विचारायचा, "चारशेअकरा माणसांना कोर्ट कशाला हवं? एवढ्यात धड एक भांडण होत नाही." डेलमार म्हणायचा, "असू दे की. आहे ते आहे." असा प्रचार करणारा उमेदवार मी दुसरा पाहिला नाही.

खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी कारकून, मला तोंड उघडायची चोरी. माझ्या कपाटात एकोणीसशे दहा सालची वही आहे. तेव्हा इथे दोन हजार एकशेसहा माणसं होती. सरकारने माणशी एक चौरस मैल जमीन फुकट दिली आणि लोक धावत आले. त्यांनी वाळूच्या टेकड्या नांगरल्या, गवताची मुळं उचकटली, आणि वाऱ्याने शेतं उचलून शेजाऱ्याच्या घरात टाकली. पंधरा वर्षांत निम्मे परत गेले. अजून कुठेतरी माळावर मधेच लायलॅकचं झुडूप फुललेलं दिसतं, तिथे कुणाचं तरी दार होतं. आमचं कोर्टही गावात नाही, कोरी गावापासून अर्ध्या मैलावर माळात एकटं उभं आहे. झालं असं की एका रविवारी कोरीचे लोक चर्चमध्ये असताना पलीकडच्या वस्तीने काउंटीची तिजोरी दस्तांसकट गाडीवर घालून पळवली, कारण दस्त जिथे तिथे काउंटीचं ठाणं. अर्ध्या मैलावर गाडीची चाकं वाळूत रुतली ती रुतलीच. सहा घोडे लावले, दहा लावले. तिजोरी दोन वर्षं हलेना. शेवटी दोन्ही गावांनी कंटाळून तिच्याभोवती भिंती घातल्या. त्या भिंतींच्या आत मी एकतीस वर्षं बसते आहे. काउंटी गेली तर माझी जागा जाईल हे खरंच, ते मी लपवत नाही. पण मला जास्त भीती वाटत होती ती कपाटातल्या त्या जुन्या वह्यांची. हॅडलॉकवाले त्या तळघरात टाकतील आणि पुन्हा कुणी उघडणार नाही.

मतदानाच्या तीन दिवस आधी एमिलकडे वासरांची डागणी होती, त्यांच्या अंगावर मालकाची खूण उठवायची. निवडणूक असो की लग्न, डागणीला शेजाऱ्याने जायचं असतं. आम्ही पहाटे घोडा ट्रेलरमध्ये चढवला आणि निघालो. मी आंबट रुबार्बचं सारण भरलेले चार गोड 'पाय' भट्टीत भाजून घेतले होते.

अडीचशे वासरं कुंपणात हंबरत होती, बाहेर त्यांच्या आया त्याहून मोठ्याने. गॅसच्या भट्टीत डागण्या लाल झाल्या होत्या. वारा कोरडा, तोंडात वाळू कचकच लागत होती. डागणीला काय काम कुणी करायचं ते यजमान सांगतो. तरण्या पोरांनी वासरं जमिनीवर दाबून धरायची, बायकांनी लशी भरायच्या, म्हाताऱ्यांनी फाटक सांभाळायचं. आणि घोड्यावर बसून वासराच्या मागच्या पायांत फास टाकून त्याला भट्टीपाशी ओढत आणायचं हा मान. तो ज्याला द्यायचा त्याला यजमान नाव घेऊन बोलावतो. डेलमारला एमिलने बावीस वर्षं सगळ्यात आधी बोलावलं होतं. फासाच्या कामातच डेलमारचा उजवा अंगठा गेला. खोगिराच्या खुंटाला दोराचा वेढा देताना मधे सापडला आणि दोर ताणला गेला. तरी अंगठ्याशिवाय तो इतरांपेक्षा बरा फास टाकतो.

एमिल टोपी मागे सारून म्हणाला, "फासाला आमचे जावई. आणि धाकटा भाऊ." मग डेलमारकडे न बघता म्हणाला, "डेलमार, तू आज सुई घे."

डेलमार घोड्यावर बसलेला होता. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. जावई हॅडलॉक काउंटीचा, बँकेत नोकरीला, घोड्यावर बसतो तो खुर्चीत बसल्यासारखा.

व्हेल्डा, आमची खजिनदार, माझ्या शेजारी लशीच्या बाटल्या लावत होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "विलीनीकरण आजपासूनच वाटतं."

दोघं-तिघं हसले. डेलमार उतरला, घोडा कुंपणाला बांधला, आणि माझ्या हातातली सुई घेतली. दुपारपर्यंत त्याने वाकून अडीचशे वासरांना टोचलं. केस जळल्याचा धूर डोळ्यांत, गुडघ्यापर्यंत शेण आणि रक्त, पाठ धरली की कमरेवर हात ठेवून क्षणभर सरळ व्हायचा आणि पुन्हा वाकायचा. जावयाचा फास दहांतून सात वेळा हुकत होता. पोरं नुसती बसून राहत होती. एमिल घड्याळाकडे बघत होता, पण दिलेला मान परत घेता येत नाही.

जेवायला बसताना डेलमार नेहमीसारखा सगळ्यात शेवटी ताटली घेऊन उभा राहिला. त्याच्यापर्यंत येईतो मांस संपलं होतं, त्याने शेंगा-बटाटे घेतले आणि एमिलच्या बायकोला म्हणाला, "बटाटे फार छान झालेत."

येताना गाडीत मी विचारलं, "तुला राग नाही आला?"

"त्याची वासरं, त्याचा फास."

"अरे, लोक बघत होते. मंगळवारी लक्षात ठेवतील."

"सुई बरोबर टोचली हेही बघितलं असेल की," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर कुणाचं गवत किती उगवलंय ते बघायला लागला.

मंगळवारी मी पाचला उठून कोर्टात गेले. नवराच उभा असल्यामुळे कायद्याने मला मतपत्रिकांना हात लावायचा नव्हता. पण टेबलं लावणं, पडदे टांगणं, कॉफी, शाळेच्या केंद्रावर पेट्या पोचवणं, म्हाताऱ्यांना आधार देणं याला कायदा आड येत नाही. दुपारी नॉर्थ टेबल भागातल्या दोन बहिणींची गाडी वाळूत रुतली, त्यांना मी माझ्या गाडीतून आणलं. दिवसभर मी बसले नाही. संध्याकाळी सातला दार लावलं तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

मोजणीला व्हेल्डा आणि शाळेच्या बाई. व्हेल्डा एकेक पत्रिका उचलून धरून नाव वाचायची, बाई कागदावर रेघा मारायच्या. मी तीन हात लांब, हात मांडीवर ठेवून बसले होते.

गुप्त मतदान म्हणतात. दोनशेछत्तीस मतांत कसलं गुप्त. कुणी गोल कसा काळा करतो ते मला सह्यांइतकंच पाठ आहे. तोंडाने मी कधी कुणाचं सांगितलं नाही, पण डोळे कसे मिटणार? एकशेकितीतरीव्या पत्रिकेला व्हेल्डाने हात वर केला आणि मला दिसलं. गोल भरून रेघ डावीकडे घसरलेली, शेपटासारखी. अंगठा नसला की पेन दोन बोटांत धरावं लागतं आणि शेवटी ते असंच घसरतं. माझ्या घरातल्या प्रत्येक कागदावर ते शेपूट आहे.

"एमिल हॅवोर्का," व्हेल्डाने वाचलं. तिचा आवाज जरा अडखळला. तिनेही ओळखलं होतं. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

मला तिथल्या तिथे कळलं डेलमारने असं का केलं ते. त्याचा बाप सांगायचा, स्वतःच्या नावावर खूण करणारा माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तर पहिला तुकडा आपल्याच ताटात ओढेल. डेलमार ज्या खोऱ्यात वाढला तिथले जुने लोक हे पाळायचे. दोघं उभे असले की हा त्याला मत द्यायचा, तो ह्याला, आणि फिट्टंफाट व्हायची. पण एमिल त्या खोऱ्यातला नाही. एमिलने आपलंच नाव काळं केलं असणार, आणि ते चूकही नव्हतं.

बाईंनी बेरीज केली. पुन्हा केली. मग व्हेल्डाने केली.

एकशेअठरा. एकशेअठरा.

"चिठ्ठ्या टाकाव्या लागणार," व्हेल्डा म्हणाली. "पुढच्या सोमवारी. वकिलाला बोलावते." आमच्या काउंटीत वकील राहत नाही, तो हॅडलॉकमधून येतो.

मी घरी आले ती धुमसत. शपथ घेतलेली बाई, मतपत्रिकेबद्दल नवऱ्यालाही बोलायचं नाही. मग मी पातेल्यांशी बोलले.

"काय झालं?" डेलमारने विचारलं.

"काही नाही."

"मतं सारखी पडली म्हणे."

"पडली."

"बरीच पडली. मला वाटलं होतं शंभरही होणार नाहीत." तो खरोखर खूश होता. त्याने आणखी सूप वाढून घेतलं. मला तो पळीसकट उचलून बाहेर ठेवावासा वाटला. एकतीस वर्षं मी ती काउंटी सांभाळली, आणि ह्याने ती शेजाऱ्याच्या ताटात वाढली, वर म्हणतो बरीच पडली.

बुधवारी सकाळी सह्यांची वही ताळ्यासाठी उघडली. छापील नावं, प्रत्येकापुढे मतदाराने सही करायची. दोनशेछत्तीस सह्या, दोनशेछत्तीस मतं, ताळा जुळला. क अक्षराच्या पानावर बोट थांबलं. क्रान्झ, डेलमार, पुढे त्याची घसरलेली सही. त्याच्यावरची ओळ क्रान्झ, आर्डिथ. पुढे काही नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पान उलटून मागे बघितलं, जणू सही तिकडे उमटली असेल. सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत मी सगळ्यांना पेन दिलं होतं. चार पायऱ्या चढता येत नव्हत्या त्या माणसाला पत्रिका गाडीत नेऊन द्यायला बाई धाडल्या होत्या. आणि स्वतः पडद्याआड गेलेच नव्हते. काउंटीची निवडणूक अधिकारी, आणि मत द्यायला विसरली.

माझं एक मत, आणि आज चिठ्ठ्यांचा प्रश्नच नव्हता. डेलमारवरचा सगळा राग माझ्याच अंगावर येऊन बसला. त्याने निदान काहीतरी मानून केलं होतं. मी वेंधळेपणाने.

सांगून टाकायचं ठरवलं, पण जमेना. गुरुवारी उत्तरेच्या कुरणातली पवनचक्की पाणी ओढेना म्हणून आम्ही गेलो. तो वर मचाणावर, मी खाली पान्याने दांडा धरून. विहिरीतून लांब दांडे एकेक करून वर ओढायचे, खालचं चामड्याचं वॉशर झिजलेलं, ते बदलायचं. गुरं रिकाम्या टाकीभोवती उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"डेलमार," मी खालून म्हणाले.

"पाना घट्ट धर. सुटला तर दांडा विहिरीत जाईल."

"मला काहीतरी सांगायचंय."

"वर ऐकू येत नाही, वारा आहे."

मी पाना घट्ट धरला. चार वाजता पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. त्याने ओंजळीने पिऊन बघितलं आणि मला म्हणाला, "गोड आहे. पी." मी प्यायले. सांगायचं राहिलं.

सोमवारी कोर्टाच्या मोठ्या खोलीत तीसेक माणसं जमली, म्हणजे आमच्या हिशोबाने जत्रा. वकिलाने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. एमिल नवा शर्ट घालून आला होता. डेलमारने जुनाच घातला होता, पण इस्त्री त्याने स्वतः केली होती, अंगठ्याविना, बाहीवर दोन घड्या पडलेल्या.

एमिल लोकांकडे वळून म्हणाला, "मी आपला सरळ माझंच नाव काळं केलं बुवा. मला मी पसंत आहे. डेलमार, तू?"

"ते गुप्त असतं ना," डेलमार म्हणाला आणि बुटाने फरशीवरची वाळू बाजूला सारायला लागला.

व्हेल्डाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

व्हेल्डानेच डबा हलवला, तोंड फिरवून हात घातला आणि चिठ्ठी वकिलाला दिली. वकिलाने उलगडली. "एमिल हॅवोर्का."

कुणी टाळी वाजवली नाही. एमिलने टोपी काढली. "नोव्हेंबरात प्रश्न मतदानाला जाईल," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं ते करणार."

"करायलाच पाहिजे," डेलमार म्हणाला. "त्यासाठीच उभा होतास." आणि त्याने हात पुढे केला. एमिलने तो चार बोटांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

घरी जाताना गाडी डेलमार चालवत होता. तिसऱ्या मैलावर मी रडायला लागले.

"अगं, असं काय करतेस," तो म्हणाला. "चिठ्ठी होती."

"चिठ्ठीची वेळच आली नसती. मी मत दिलं नाही, डेलमार. विसरले. सगळ्यांना दिवसभर पेन दिलं आणि माझी पत्रिका घ्यायला विसरले. एका मताने तू आला असतास."

त्याने गाडी हळू केली, मग थांबवली. रस्ता दोन्ही बाजूंनी दिसेल तिथपर्यंत मोकळा. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, आता आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला बोलणार. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

"मी एमिलला दिलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"ते मला सांगता येत नाही."

तो आणखी हसला, डोळे पुसले. "म्हणजे आपल्या घरातून मला एकही नाही?"

"एकही नाही."

"मग एकशेअठरा कोण आहेत?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी आठवडाभर फक्त आमची दोन मतं मोजत बसले होते. तो खिडकीतून समोरच्या टेकडीकडे बोट दाखवून म्हणाला, "प्लेझन्सची पोरं तिघं. त्यांनी दिलं असणार. नॉर्थ टेबलच्या बहिणी."

"त्या दोघी तुझ्यासाठीच आल्या होत्या. गाडीत म्हणाल्या मला." हे सांगायला शपथ आड येत नव्हती.

"आणि व्हेल्डा."

"व्हेल्डाचं सांगता येत नाही," मी म्हणाले, आणि मलाही हसू आलं.

तो ओठ हलवत होता, वासरं मोजताना हलवतो तसे. "आर्डिथ, नोव्हेंबरातल्या प्रश्नाचं बघ. एमिलची एकशेअठरा, त्यातलं एक माझं. ते माणसाला दिलेलं होतं, त्याच्या बेताला नाही. म्हणजे त्याची एकशेसतरा."

"हो."

"माझी एकशेअठरा. त्यात मी आणि तू."

"एकशेवीस," मी म्हणाले. एकतीस वर्षांत केलेली सगळ्यात सोपी बेरीज.

"पण नोव्हेंबरातही तू काहीतरी भलतंच करशील," मीच पुढे म्हणाले. "कुणाचं तरी मन राखायला जाशील आणि होय म्हणून येशील."

"प्रश्नाला कसली भीड?" तो म्हणाला. "प्रश्न काही कुणाच्या घरी जेवायला बसत नाही. मी सरळ नाहीवर खूण करीन." मग गाडी सुरू करत म्हणाला, "तू तेवढी ये म्हणजे झालं."